खान्देशातल्या घरासाठी छोटं कुत्रं : आकार आधी, जात नंतर

घरात पहिल्यांदाच कुत्रं आणायचं ठरलं की जळगाव-धुळ्याकडे बहुतेक घरांत चर्चा थेट जातीवर येते. पग घ्यायचा की शित्झू, पॉमेरेनियन बरं की ल्हासा? माझं म्हणणं असं की जात शेवटी ठरवा. आधी ठरवा, पूर्ण वाढ झाल्यावर त्या कुत्र्याचं वजन किती असलेलं तुमच्या घराला झेपेल. वजनाबरोबर नाकाची लांबी बघा. आपल्या उन्हाळ्यात कुत्र्याचे हाल होणार की ते सुखात राहणार, हे बरंचसं या दोन गोष्टींवर ठरतं. हा लेख पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे ज्या क्रमाने ठरवायला हवं त्याच क्रमाने लिहितो.

पायरी १ : पिल्लू बाजूला ठेवा, मोठं झालेलं कुत्रं डोळ्यांपुढे आणा

दोन महिन्यांचं कुठलंही पिल्लू इवलंसं दिसतं. तेवढ्यावर भुलू नका. घरातली आजी बरोबर विचारते, "हाई कितलं मोठं व्हई?" विकणारा मात्र या प्रश्नाचं सरळ उत्तर क्वचितच देतो. म्हणून आकडे आपल्याला माहीत हवेत.

छोट्या जातींचे वजनाप्रमाणे ढोबळ तीन गट पडतात.

अगदी चिमुकली, म्हणजे साधारण ३ किलोच्या आतबाहेर : चिवावा, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज आणि खरं पॉमेरेनियन. 'खरं' म्हणण्याचं कारण आहे. आपल्याकडे घरोघरी जे पांढरं 'पामेरियन' दिसतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. त्याचं वजन ५ ते ७ किलोपर्यंत जातं आणि त्यातला मोठा प्रकार याहूनही बराच थोराड होतो. ते वाईट कुत्रं नाही, उलट आपल्याकडे रुळलेलं आहे. पण ३ किलोचं म्हणून घेतलेलं कुत्रं दुप्पट मोठं झालं की घरात कुरबुर सुरू होते.

मधला गट, ४ ते ८ किलो : शित्झू, ल्हासा अप्सो, पग, मिनिएचर डॅशहंड (हा साधारण ५ किलोपर्यंत) आणि छोटं स्पिट्झ.

वरचा गट, ९ ते १४ किलो : बीगल आणि मोठा डॅशहंड. बीगलला 'छोटं कुत्रं' म्हणून विकतात, पण ते शिकारीसाठी तयार केलेलं, दिवसभर पळायची ताकद असलेलं कुत्रं आहे. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर एकटं राहिलं तर भुंकून गल्ली डोक्यावर घेईल.

मादी नरापेक्षा बहुधा थोडी हलकी भरते. छोट्या जातींची वाढ ८ ते १२ महिन्यांत जवळपास पुरी होते, आणि चार महिन्यांच्या आसपास जे वजन असतं त्याच्या साधारण दुप्पट पुढे धरायचं. हा ढोबळ अंदाज आहे, पण घरात बसून आकार ठरवायला पुरतो.

पायरी २ : मे महिन्याची दुपार समोर ठेवून निवडा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर कुत्रं निवडलं की खान्देशात नेमकी इथेच गाडी अडते.

भुसावळ, जळगाव, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं नेहमीचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापतं, तोंडातला आणि नाकातला ओलावा हवेत उडून जातो आणि तेवढी उष्णता अंगातून निघते. म्हणजे नाक-तोंड-घसा हेच त्याचं अंग थंड ठेवण्याचं साधन. ज्याचं नाक चपटं, त्याचं हे साधन जन्मापासूनच तोकडं. पगच्या नाकपुड्या अरुंद, तोंडातला मऊ टाळू लांब आणि घशातली वाट चिंचोळी असते. तो सावलीतही घोरतो, आणि दुपारी अडीच वाजता गच्चीच्या जिन्यावर दोनदा चढ-उतर केली तरी त्याची जीभ जांभळट दिसू लागते. शित्झूचं नाकही आखूडच, पण पगपेक्षा जरा बरं.

म्हणून स्पष्ट सांगतो. ज्या घरात दिवसा एसी चालवायची तयारी नाही, त्या घरात पग आणू नये. कूलर पुरेल असं बरेच जण म्हणतात. कूलरची हवा चालते, पण खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा साचतो, आणि दमट हवेत धापून अंग थंड होत नाही. जूनमध्ये ढग येतात पण पाऊस पडत नाही, त्या दिवसांत तर कूलर जवळपास निकामी असतो. वीज गेली की काय करणार, हाही प्रश्न आधीच सोडवून ठेवा.

केसांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. स्पिट्झ आणि पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला म्हणून ते वस्तऱ्याने सफाचट करू नका. कातडीला ऊन लागतं आणि पुढे केस नीट न येण्याचाही धोका असतो. आतला गळता थर रोज विंचरून काढला की पुरे. ल्हासा आणि शित्झूचे केस वाढतच राहतात. ते कात्रीने किंवा मशीनने आखूड ठेवता येतात, ठेवावेतच. ल्हासा मूळचा तिबेटच्या थंडीतला. यावलच्या उन्हात त्याला जमिनीपर्यंत लोंबणारे केस घालून बसवणं म्हणजे त्याचा छळ.

अगदी चिमुकल्या कुत्र्यांची अडचण वेगळी आहे. त्यांचं पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. तापलेल्या डांबराची आणि फरशीची धग थेट त्यांच्या अंगाला लागते. रस्त्यावर हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्यालाही सोसणार नाही. मार्च ते जून फिरवायची वेळ पहाटे उजाडताना आणि रात्री जेवणं झाल्यावर, मधे नाही.

ऊन लागल्याची खूण सगळ्या घराला माहीत हवी. धाप थांबत नाही, लाळ चिकट होऊन लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, चालताना तोल जातो, उलटी होते. अशा वेळी बर्फाचं पाणी नको. साध्या गार पाण्याने पोट, जांघा आणि पंजे भिजवा, पंख्याखाली न्या आणि त्याच अवस्थेत दवाखाना गाठा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात, आणि लहान कुत्र्यात हे फार झपाट्याने होतं.

पायरी ३ : घरात कोण आहे आणि पायाखाली काय आहे

एकत्र कुटुंब, सहा वर्षांखालची मुलं, येणारे-जाणारे पाहुणे असं घर असेल तर ३ किलोचं कुत्रं टाळा. चिवावा किंवा छोट्या पॉमच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढं असतं. मुलाच्या हातातून सुटलं किंवा पलंगावरून उडी मारली, तरी ते मोडतं. दोष मुलाचा नसतो आणि कुत्र्याचाही. घेताना आकार चुकलेला असतो. अशा घराला ६ ते ८ किलोचं, अंगाने भरलेलं कुत्रं चांगलं. ते मुलांची दांडगाई सोसतं आणि नकोसं झालं की उठून बाजूला जातं.

याउलट घरात फक्त दोघं, मुलं नोकरीसाठी पुण्याला, आणि आईंचे गुडघे दुखतात, तर १२ किलोचं ओढणारं बीगल त्यांच्या हातात देऊ नका. उचलून रिक्षात ठेवता येईल असं ४-५ किलोचं कुत्रं त्यांना जमेल.

आता फरशी. जुन्या धाब्याच्या घरांत शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी असायची. पाय घसरत नाही आणि उन्हाळ्यात गार लागते, दोन्ही अंगांनी कुत्र्याला सोयीची. नव्या बंगल्यातल्या गुळगुळीत टाइल्सवर छोट्या कुत्र्यांचे मागचे पाय घसरतात. चिमुकल्या जातींत गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास मुळातच जास्त, घसरणीने तो वाढतो. जिथे कुत्रं जास्त वावरतं तिथे जुनी सतरंजी किंवा रबरी पट्टी टाकली की काम होतं. डॅशहंड घेणार असाल तर जिना मोजा. त्याची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यातली चकती सरकून मागचे पाय लुळे पडायचा धोका या जातीत सगळ्यात जास्त. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि रोज उचलून न्यायची तयारी नसेल तर डॅशहंड नको.

पायरी ४ : दाराबाहेर काय आहे

शहरात गल्लीतली कुत्री आपला इलाखा सोडत नाहीत. त्यांच्यापुढे ३ किलोचं कुत्रं पट्ट्याला बांधून न्यायचं तर मालकाचा जीव टांगणीला लागतो. एका चाव्यात खेळ संपतो. ६-७ किलोचं कुत्रं निदान उचलेपर्यंत तग धरतं. अगदी लहान कुत्र्याला गळ्यात पट्टा घालू नका, छातीचा हार्नेस घ्या. या जातींची श्वासनळी नाजूक असते, गळा ओढला गेला की खोकला मागे लागतो. शिवाय प्रसंग आला तर हार्नेसला धरून एका हाताने वर उचलता येतं.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा, सातपुड्याच्या पायथ्याची शेतं, इथे बिबट्याचा वावर आहे आणि त्याला कुत्रं आवडतं. विंचू, साप, रानडुक्कर वेगळेच. मळ्यात राखणीला ठेवायला छोट्या जातीचं कुत्रं आणून सालदाराच्या भरवशावर सोडणं चुकीचं आहे. तिथे गावठी कुत्रंच हवं. त्याचं नाक लांब, केस आखूड, अंग या मातीतल्या उन्हाला सरावलेलं. छोटं कुत्रं घरात झोपणारं असेल तरच आणा.

गोचिडांचं बघा. गोठा घराला लागून असेल तर बारमाही बंदोबस्त लागतो. गोचीड-ताप गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरतो, आणि ३ किलोच्या जिवात मुळात रक्त किती असणार? तो लवकर खचतो. लांब केसांच्या कुत्र्यात गोचीड दिसत नाहीत. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवावा लागतो.

पायरी ५ : ताट आणि दवाखाना

खाण्याचा हिशोब आकाराबरोबर बदलतो. ३ किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २५० कॅलरी लागतात, ८ किलोच्याला सव्वापाचशेच्या आसपास. हातावर थापलेली एक बरीशी भाकरी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. म्हणजे 'जरा भाकरी घाल त्याला' म्हणत घरातल्या चौघांनी एकेक तुकडा टाकला, तर चिमुकल्याचं दिवसाचं पोट त्यातच भरलं, आणि अंड्या-मांसातून मिळायचं प्रोटीन राहूनच गेलं. कुत्रं जेवढं लहान, तेवढा एकेक तुकडा मोजावा लागतो.

शेवभाजीचा रस्सा, भरीत, फोडणीची खिचडी यातलं काही देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर बंदच. केळ्याचे दोन-तीन काप चालतात, रोज नको.

दवाखान्याचं आधी बघून ठेवा, पिल्लू आल्यावर नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी, बैल, शेळ्यांचं असतं. लस आणि जंताचं औषध तिथे होऊ शकतं, पण ३ किलोच्या कुत्र्याला भूल देऊन दात काढणं किंवा मोडलेल्या हाडात बारीक पिन बसवणं यासाठी जळगाव, धुळे किंवा नाशिकच गाठावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे राहणाऱ्यांनी हे अंतर मनात धरूनच आकार ठरवावा. छोट्या जातींच्या दातांवर कीट लवकर चढतं आणि हिरड्या बिघडतात, दुधाचे दात वेळेवर न पडता अडकून बसतात. ही कामं टळत नाहीत, आणि ही कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात.

पायरी ६ : आता नाव ठरवा

वरच्या सगळ्यातून गेल्यावर माझी शिफारस अशी. खान्देशातल्या सर्वसाधारण घरासाठी ५ ते ८ किलो वजनाचं आणि नाक पुढे आलेलं कुत्रं. यात छोटं इंडियन स्पिट्झ पहिलं. ते भुंकतं खूप, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. केस आखूड ठेवायची शिस्त असेल तर ल्हासा. जिना नसेल तर मिनिएचर डॅशहंड. शित्झूचं नाक आखूड, म्हणून एसी असेल आणि घरात दिवसभर माणूस असेल तरच तो. चिवावा आणि यॉर्कशायर टेरियर फक्त लहान मुलं नसलेल्या, सावध माणसांच्या घरात.

'टीकप' नावाने जे विकतात ते घेऊ नका. टीकप ही कुठलीही मान्य जात किंवा आकार नाही, कोणताही केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) तो मानत नाही. सगळ्यात अशक्त पिल्लांची पैदास करून, उपाशी ठेवून किंवा वय खोटं सांगून हा आकार 'तयार' केला जातो. अशा पिल्लांची साखर एक जेवण चुकलं तरी उतरते, ती थरथरतात, निपचित पडतात. घरात असं पिल्लू आधीच असेल तर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या. गळून गेलं तर हिरडीला मध चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा.

गावठी पिल्लाचा विचारही मनापासून करा. ते या यादीत बसत नाही, वजन १५-२० किलोपर्यंत जातं. पण आवार मोठं असेल तर या हवेला त्याच्याइतकं साजेसं दुसरं कुत्रं नाही.

पायरी ७ : पिल्लू बघायला जाताना

फोटोवर पैसे पाठवू नका. स्वतः जा, दिवसाउजेडी जा आणि आधी आई दाखवा म्हणा. आईचं अंग हेच पिल्लाच्या पुढच्या आकाराचं सगळ्यात भरवशाचं माप. तिला उचलून बघा. आई ९ किलोची आणि पिल्लू 'तीनच किलोचं होणार' असं सांगितलं जात असेल तर तिथूनच परत फिरा. आई दाखवायलाच तयार नसतील तरीही परत फिरा, बहुधा पिल्लू भलत्याच ठिकाणाहून आणलेलं असतं.

मग पिल्लाचं तोंड उघडून बघा. फसवणूक बहुतेक वेळा वयात असते आणि दात खोटं बोलत नाहीत. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटायला लागतात, आणि आठव्या आठवड्यापर्यंत सुईसारखे टोकदार २८ दात तोंडात दिसतात. वरचा ओठ अंगठ्याने हळूच सारून बघा. पुढचे बारीक दात नुकते हिरडीतून डोकावत असतील आणि मागे दाढा नसतील, तर ते 'दोन महिन्यांचं' पिल्लू जेमतेम महिन्याचं आहे. ते लहान दिसतंय ते वयामुळे, जातीमुळे नाही. याउलट पुढचे दात पडून मोठे चौकोनी दात येत असतील तर पिल्लू तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं.

२०१७ पासूनच्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. केनेल क्लबचे कागद असतील तर त्यावर आई-वडिलांची नावं असतात. कागद असल्याने पिल्लू निरोगी ठरत नाही, फक्त जातीची खात्री होते.

पिल्लू जमिनीवर सोडा. चालताना मागचा पाय मधेच उचलून लंगडत उडी मारतं का बघा, ती गुडघ्याच्या वाटीची खूण असू शकते. डोक्यावर, दोन कानांच्या मधे बोट फिरवा. मोठा मऊ खळगा लागला तर टाळू भरलेली नाही. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर बहुधा जंत आहेत. नाकपुड्या दर श्वासाला आत ओढल्या जातात का, तेही बघा. शेवटी वजन. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर रुमाल टाकून पिल्लू ठेवा आणि आकडा लसीच्या कार्डावर तारखेसकट लिहून घ्या.

लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना. बाटलीवरचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही नसेल तर लस झालीच नाही असं धरून चाला.

पायरी ८ : कधी आणायचं

एप्रिल-मे महिन्यात पिल्लू आणू नका. मुलांना सुट्ट्या असतात म्हणून बहुतेक जण नेमकं तेव्हाच आणतात, आणि आठ आठवड्यांचं पिल्लू जळगावच्या उन्हात गाडीतून आणणं जिवावर बेततं. ऐन पावसाळ्यात चिखल आणि पार्व्होची (पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची) भीती असते, लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडता येत नाही. दसरा-दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले. हवा गार असते, लसी संक्रांतीपर्यंत उरकतात, आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत पिल्लू पाच-सहा महिन्यांचं, अंगाने जरा सावरलेलं असतं. फटाके संपल्यावरच आणा, आधी नको.

पहिला महिनाभर दर रविवारी त्याच काट्यावर वजन करा. वजन एखाद्या आठवड्यात वाढलंच नाही तर खाणं आणि जंत तपासा. दोन आठवडे तसंच राहिलं तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. कार्डावरचे हे आकडे बघून डॉक्टरांना औषधाची मात्राही नीट ठरवता येते, कारण एवढ्याशा जिवात पाव किलोच्या फरकानेही मात्रा बदलते.